काय निघालं?

त्या संध्याकाळी मी एका बाईचा प्रश्न भलताच करून सांगितला. ऐकण्यात चूक झाली नव्हती. तो नीट ऐकला, समजला, आणि मग बदलला. तासगाव तालुक्यातलं गाव, मार्च नुकताच लागलेला, बेदाण्याचा हंगाम ऐन भरात. बायका दिवसभर शेडवर असतात म्हणून बैठक रात्री साडेसातला ठेवली होती. समाजमंदिरात सतरंज्या, वर घरघरणारा पंखा, दाराशी चपलांचा ढीग. सगळ्यांच्या हातांना, पदरांना डिपिंग ऑइलचा आणि गंधकाच्या धुरीचा वास होता आणि त्याखाली सुकत्या द्राक्षांचा तो जड गोडवा. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी गावोगाव कशी पोचवायची, यावर काम करणाऱ्या एका संशोधन गटात मी भाषांतराचं आणि दुभाष्याचं काम करते. इथले डॉक्टर आणि परदेशातलं एक विद्यापीठ, अशी ती भागीदारी. त्या विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई आल्या होत्या. आशाताईंनी त्यांची ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ आणि वर बेदाण्याची पुडी. मग प्राध्यापकबाई म्हणाल्या, आम्ही तुम्हाला नेहमी इतके प्रश्न विचारतो, आज तुम्ही आम्हाला विचारा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं, दबकं हसणं झालं. मग मागच्या खांबाला टेकून बसलेल्या साठीच्या एक मावशी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मागं एक गाडी आली हुती. माज्या भनीचं तपासायला न्हेलं हुतं. तिचं काय निघालं?"

मी इंग्रजीत सांगितलं की, तपासणीत भाग घेणाऱ्यांना निकाल साधारण कधी आणि कसा कळवला जातो, हे या बाईंना जाणून घ्यायचं आहे. प्राध्यापकबाईंनी फार आपुलकीनं उत्तर दिलं. किती आठवड्यांत, कोण येऊन सांगेल, दोष निघाला तर पुढं कुठं न्यायचं, सगळं. मी त्याचं शब्दन् शब्द मराठी केलं. मावशींनी माझ्याकडं बघत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाल्या.

ती आधीची गाडी आमची नव्हती. कुणाची होती, कुठल्या सालातली, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. उत्तर देता येणार नाही असा प्रश्न पाहुण्यांपुढं कशाला, शेजारी सरपंच बसलेत, अजून दोन गावं व्हायचीत, असं काहीबाही डोक्यातून सरकून गेलं असणार. सगळं मिळून तीन-चार सेकंद. पण सांगलीला परतताना गाडीत प्राध्यापकबाई मांडीवर ओटीचा नारळ धरून बसल्या होत्या. त्याचं आता काय करायचं असतं, असं त्यांनी विचारलं, आणि मला त्यांच्याकडं बघवेना. आमच्या भागाला परदेशी डॉक्टरांचं अप्रूप नाही. कॅनडाहून आलेल्या वानलेस साहेबांनी मिरजेत १८९४ साली दवाखाना उघडला, तेव्हापासून साहेब डॉक्टर आणि मधे उभा राहून बोलणं पोचवणारा इथला कुणीतरी, ही जोडी मिरजेनं पाहिलेली आहे. त्या मधल्या माणसांची आठवण मला त्या रात्री बराच वेळ येत राहिली. कुणाकुणाचे किती प्रश्न त्यांच्यापाशीच राहिले असतील.

मी या कामात आले ती आत्यामुळं. तिच्या हातावर सदोदित काळा डाग असायचा, मिसरीचा. सकाळी उठल्यावर चुलीवर तवा टाकून ती तंबाखू भाजायची. तो धूर घशात असा बसायचा की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. तंबाखू काळीभोर झाली की बोटांनी चुरगाळून पितळी डबीत, आणि मग उंबऱ्यावर बसून पहिल्या बोटानं दातांना लावत ती अर्धा तास तरी बोलायची नाही. दिवसभरातली तिची तेवढीच स्वतःची वेळ. पुढं गालात आतून पांढरं झालं, मग तोंड उघडेना, भाकरी दुधात कालवून खायला लागली. सांगली स्टेशनवर रात्रीच्या महालक्ष्मीला तिला बसवायला आम्ही सगळे गेलो होतो. सकाळी दादरला उतरायचं, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं, मग परळला टाटात नंबर लावायचा. हा रस्ता तेव्हा गावातल्या चार-पाच घरांना पाठ होता. त्या डब्यात गळ्याला, गालाला पांढरी पट्टी बांधलेली आणखी माणसं होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

आत्याला कॅन्सर हा शब्द शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही. घरात "गाठ" म्हणायचे. बाबा डॉक्टरांशी बोलून बाहेर यायचे आणि आत्याला वेगळंच सांगायचे, तेही इतकं छान, सविस्तर, की मला त्यांचा अभिमान वाटायचा. मी अकरा वर्षांची होते आणि मला माहीत होतं. आत्यालाही माहीत असावं. ती बाबांचं बोलणं पुरं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं."

मिसरीवरून आठवलं. आमच्या पहिल्या प्रश्नावलीत "आपण धूरविरहित तंबाखूचे सेवन करता का?" असं एक वाक्य होतं. इंग्रजीतून आलेलं, मीच मराठी केलेलं, व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्या दोन गावांत जवळजवळ सगळ्या बायकांनी "नाही" सांगितलं. बोलता बोलता त्यांचे काळे झालेले दात आणि बोटं दिसत होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. मिसरी ही त्यांच्या लेखी तंबाखू नव्हेच. तंबाखू पुरुष खातात, मळतात. मिसरी दातांना लावतात, पोट साफ होतं, सकाळी ती लागते, बास. "मावशी, मिसरी लावता का?" असं विचारायला लागल्यावर आकडे पार उलटे झाले. तसंच "योनीमार्गातून असामान्य स्राव" या शब्दांचं. ते ऐकून बायका भिंतीकडं बघायच्या. "अंगावरून जातंय का, पांढरं का लाल?" म्हटलं की एकजण बोलायची, तिच्यामागून दहाजणी. आणि "पिशवी काढलीय" हे उत्तर इतक्यांकडून, आणि इतक्या तरुण बायकांकडून आलं की तो रकाना भरताना आमच्यातली एक नर्स मधेच पेन ठेवून बाहेर जाऊन उभी राहिली. शब्द बदलले तेव्हा परदेशातल्या सहकाऱ्यांना मी प्रत्येक बदलाचं कारण लिहून पाठवलं. त्यांनी एकही अडवला नाही. उलट विचारलं, आणखी कुठं कुठं असं असेल? भागीदारीतला हा भाग मला खरंच आवडतो. दूरच्या माणसाला एखादी गोष्ट नीट कळावी म्हणून आपण ती आधी स्वतःला नीट समजावून घेतो.

पण सर्वांत मोठा धडा भिशीनं दिला. आमच्या कामात गावांची विभागणी आहे. नव्या पद्धतीत बाईनं आडोशाला जाऊन छोट्या ब्रशनं स्वतःचा नमुना स्वतः घ्यायचा, त्यात या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू आहे का ते प्रयोगशाळेत बघायचं. ही पद्धत काही गावांना आधी, काहींना वर्षभरानं. कुणाला आधी, हे आम्ही आमच्या मर्जीनं ठरवायचं नाही. त्यासाठी शास्त्रात जो शब्द आहे त्याचं मराठी "यादृच्छिक". हा शब्द घेऊन गावात जाणं शक्यच नव्हतं. मग मी म्हटलं, भिशीत कसं, वीसजणी महिन्याला पाचशे घालता, चिठ्ठ्या डब्यात टाकता, लहान पोराला उचलायला लावता, तसंच. एका क्षणात सगळ्यांना कळलं. मला केवढा आनंद झाला होता. तेवढ्यात पुढं बसलेली एक तरणी बाई म्हणाली, "ताई, पण भिशीत जिची चिठ्ठी निघाली न्हाई तिला फुडच्या महिन्याला मिळतंयच की. शेवटाला का हुईना, समद्यास्नी मिळतंय. हितं फुडचा महिना हाय का?"

आमच्या कामात आहे. ते मी तिला सांगितलं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण सगळ्या संशोधनात तो नसतो. तिला हे सांगतानाच मला उस्मानाबाद आठवत होतं.

धाराशिव म्हणायचं आता. पण त्या अभ्यासाला जग अजून उस्मानाबाद म्हणूनच ओळखतं. त्याच्या आधी बार्शी. १९८७ मध्ये डॉ. बी. एम. नेने आणि टाटा हॉस्पिटलच्या मंडळींनी बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. खेड्यातला माणूस दवाखान्यात पोचतच नाही, मग मोजायचं कसं? म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांत बसली, कुठली लक्षणं अंगावर काढायची नाहीत ते सांगत गेली. गेली होती मोजायला. काही वर्षांनी त्यांच्याच आकड्यांत दिसलं की गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका तो फार वाढण्याआधी, लवकरच्या पायरीवरच दवाखान्यात येऊ लागल्यात. नुसतं येऊन बोलल्यानं. हे वाचलं तेव्हा मी चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले होते.

त्याच पायावर पुढं बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या लियॉनची कर्करोग संशोधन संस्था, असे तिघं एकत्र आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग उठतो का ते बघणं. चौथ्या भागात काहीच नाही, नेहमीचं जे होतं तेच. २००९ साली निष्कर्ष छापून आले. आठ वर्षांत, एचपीव्ही तपासणीच्या भागातल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरनं ३४ गेल्या. चौथ्या भागातल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे जगाला मराठवाड्यातल्या बायकांनी दाखवून दिलं. आज देशोदेशी या तपासणीची शिफारस होते त्यामागं त्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. आणि त्या ६४? पुढं यावर जोरात वाद झाला. चौथा भाग तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, असं विचारलं गेलं. तिथं एरवीही तपासणी नव्हतीच, असं अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू मी पुन्हा पुन्हा वाचल्या. अभ्यास करणाऱ्यांचं पटतं. मग ती भिशीतली बाई आठवते आणि पटत नाही. त्या माणसांनी उन्हातान्हात वर्षानुवर्षं पायपीट केली, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ६४ हा आकडा समोर आला की प्रत्येक वेळी माझं वाचन थांबतं.

लसीचंही असंच. एचपीव्हीच्या लसीचे दोन डोस पुरतात का, हे पाहायला २००९ मध्ये देशात काही ठिकाणी मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. त्यात बार्शी होतं, पुणं होतं. २०१० मध्ये वेगळ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळून तसंच राहिलं. त्या मुलींचा माग ठेवणारी माणसं मात्र थांबली नाहीत, वर्षामागून वर्षं त्यांच्या दारी जात राहिली. त्यातून दिसलं की एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतंय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यांत हा एक. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी मुलीला आज एकाच सुईवर भागतंय ते बार्शीतल्या एखाद्या मुलीमुळं, आणि ती मुलगी, आता बाई, हे जाणते का? तिला कुणी जाऊन सांगितलं असेल का?

याच्या अगदी उलट टोकाचंही एक आपल्याच देशातलं. दिल्लीत १९७०च्या दशकात सुरू झालेल्या एका सरकारी अभ्यासात पिशवीच्या तोंडाशी बदल सुरू झालेल्या हजाराहून अधिक बायकांना उपचार न देता नुसतं पाहत राहिले, कॅन्सरकडं वाटचाल कशी होते ते समजावं म्हणून. लेखी संमती नव्हती. तोंडी विचारलं होतं, असं १९९७ मध्ये हे बाहेर आल्यावर सांगण्यात आलं. तोंडी विचारताना शब्द काय वापरले असतील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. त्या शब्दांपाशीही कुणीतरी माझ्यासारखं उभं असणार.

तर, त्या बैठकीनंतर चौथ्या दिवशी मी प्राध्यापकबाईंना पत्र लिहिलं. मावशींचा प्रश्न जसा होता तसा, माझ्या मनात काय आलं तेही. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं की, शंका आली होती. बाईंचं बोलणं फार थोडं होतं, आणि तुमचं वाक्य लांब. पुढं एवढंच, की ती गाडी कुणाची होती हे शोधता येईल का, मी इकडून काय करू?

शोधायला अडीच महिने गेले. आशाताईंच्या जुन्या वहीत तारीख सापडली, त्यावरून गट सापडला. कोण ते इथं लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, फोनवर तासभर बोलली. त्यांचं काम संपलं होतं, पैसे संपले होते, कागद जमा झाले होते. आणि नियमाप्रमाणं नमुन्यांवरून नावं काढून टाकली होती. नुसते नंबर राहिलेत, कुठला नंबर कुणाचा ती यादी आता नाही. हे बायकांच्याच भल्यासाठी करतात. कुणाला कसला दोष निघाला ते गावात, सासरी कळू नये, म्हणून. मी स्वतः आमच्या संमतीपत्रकात "आपले नाव गुप्त ठेवले जाईल" हे वाक्य किती जपून घडवलं होतं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर गेले. हंगाम उरकला होता, शेडवरच्या जाळ्या रिकाम्या, बेदाणा कोल्ड स्टोरेजला गेलेला. मावशी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी आधी माझी चूक सांगितली. त्या दिवशी तुमचं विचारणं मी त्यांना बदलून सांगितलं, म्हटलं. त्या शेंगा फोडतच राहिल्या. मग बाकीचं सांगितलं.

"नाव काडून टाकलं? कशापायी?"

"कुणाला कळू नये म्हणून, मावशी."

"आमालाबी न्हाई?"

मी गप्प बसले. त्यांनी सूप बाजूला सारलं. बहीण जाऊन पाच वर्षं झाली होती, अंगावर जाऊन जाऊन. गाडी आली त्यानंतर दोन वर्षांनी. पण मावशींना कुणाची तक्रार करायची नव्हती, हे मला इतका वेळ उमगलंच नव्हतं. "तिला कळलं हुतं का, येवढंच इचारायचं हुतं," त्या म्हणाल्या. "दोन वरीस माझ्यापाशीच राहत हुती. हसायची, खेळायची. तिला ठावं हुतं आन् तिनं मला सांगितलं न्हाई, का तिलाबी ठावं नव्हतं? रात्रीचं तेच येतं डोस्क्यात."

अंगणात पाण्याचं डबकं साचलं होतं. त्यात कोंबडी चोच मारत होती. मी आत्याचं सांगितलं, महालक्ष्मीचं, बाबांचं, तिच्या "बरं"चं. मावशी म्हणाल्या, "कळत असतंय. कळत असतंय बाया मानसाला." मग जरा थांबून, "का न्हाई, कुणास ठाऊक."

चहा झाला. मी उठले तर म्हणाल्या, "थांब. माझं बी न्हेलंयस न्हवं तुमी? माझा नंबर काय ते लिहून दे." आमच्या पत्रकाची प्रत बाईकडं राहते, पण नंबर असतो तो आमच्याकडच्या कागदावर. आशाताईंना फोन करून मी तो काढून घेतला. मावशींनी फडताळातून भिशीची वही आणली, मागचं कोरं पान उघडून दिलं. मी इंग्रजी आकडे लिहायला घेतले तर म्हणाल्या, "मराठीत." अक्षरं त्यांना येत नाहीत, आकडे येतात, भिशीमुळं. वही डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. चौथ्यापाशी अडल्या.

"ह्यो नऊ का एक?"

"नऊ."

"मग नीट काड की."

मी खोडलं, आणि शेजारी नीट काढला.